येतो म्हणून गेलेले दोन कोच

आमच्या घरातून कधीच कुणी गेलं नाही. म्हणजे आई हॉस्पिटलमध्ये ड्यूटीला जायची, बाबा दुकानात जायचे, मी शाळेत जायचे; पण दाराशी उभं राहून 'जाते' म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. 'येते' म्हणायचं. बुटांच्या नाड्या बांधता बांधता मी 'बाय, आय ॲम गोइंग' असं ओरडले, की स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "येते म्हण!" आणि मी म्हणेपर्यंत डब्याची पिशवी तिच्या हातातून सुटायची नाही. बाहेर बर्फ पडत असो, बस कोपऱ्यावर येऊन थांबलेली असो, तिला त्याचं काही नसे. तेव्हा मला या प्रकाराचा फार वैताग यायचा. आता मी पन्नाशी ओलांडली आहे आणि माझ्या मुलीच्या मागे तिच्या गाडीपर्यंत धावत जाऊन तेच करते.

आम्ही शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या एका गल्लीत राहायचो. विटांचं दुमजली घर, वर आम्ही, खाली घरमालक. मागच्या बाजूला लाकडी जिना होता, तो कुणीही चढलं की कण्हायचा. हिवाळ्यात रेडिएटर रात्रंदिवस फुसफुसत असे, आणि त्याच्यावर माझे ओले मोजे आणि आईची पांढरी ड्यूटीची पायताणं शेजारी शेजारी वाळत पडलेली असत. आई नर्स होती, तिच्या नोकरीवर आम्ही अमेरिकेत आलो. ती आधी एकटी आली, मग काही महिन्यांनी नागपूरहून बाबा आणि मी. नागपूरला बाबा कॉलेजात खेळाचे सर होते, फुटबॉल टीमचे कोच. इथे ते डेव्हनवरच्या एका वाणसामानाच्या दुकानात भेंडी आणि कोथिंबीर लावायचे. त्याबद्दल त्यांना कधी कुरकुरताना मी ऐकलं नाही. फक्त कोथिंबिरीच्या जुड्या ते अशा सरळ रांगेत लावत, की गिऱ्हाईक त्यातली एखादी उचलताना जरा बिचकायचं.

घरमालकांना सगळी गल्ली 'कोच' म्हणायची. ते घर बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी बाबांना विचारलं, इंडियात काय करायचात? बाबा म्हणाले, "फुटबॉल कोच. कॉलेज टीम." कोचचा चेहरा असा खुलला की भाडं ठरवायचं राहूनच गेलं. ते स्वतः तासाभराच्या अंतरावरच्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचे अनेक वर्षं कोच होते. दोघं उभ्याउभ्याच बोलत सुटले. बाबांनी सांगितलं, आमची पोरं अनवाणी खेळायची. कोचनी काळजीनं विचारलं, आणि हेल्मेट? बाबा म्हणाले, हेल्मेट कशाला, बॉल तर डोक्यानंच मारायचा असतो. कोच म्हणाले की भारतीय मुलं फार शूर असली पाहिजेत. शेवटी त्यांनी कपाटातून आपला बॉल काढून मोठ्या मायेनं बाबांच्या हातात ठेवला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि हळूच मला मराठीत विचारलं, "ही पपई कशाला दिली?"

तेव्हापासून आमच्या घरात तो लांबट बॉल हातात धरून पळायचा अमेरिकन फुटबॉल म्हणजे 'पपई' आणि आपला तो फुटबॉल. गैरसमज यथावकाश दूर झाला, पण मैत्री तोवर जुळून गेली होती. रविवारी कोच मागच्या पोर्चवर जाड सॉसेज भाजायचे, आणि आई पाटवडीचा रस्सा करून त्यांच्यासाठी वाटी खाली पाठवायची. रस्सा खाताना त्यांच्या डोळ्यांतून धारा लागत, पण वाटी परत येई ती चाटूनपुसून. एकदा आई स्वतः वाटी घेऊन गेली आणि निघताना आपल्या सवयीनं म्हणाली, "ओके कोच, आय कम." कोचना वाटलं, बाई काहीतरी आणायला वर गेली आहे. ते दार उघडं टाकून त्या थंडीत वाट बघत बसले. मैत्रिणीकडून येताना मी पाहिलं तर अंगावर कोट, डोक्यावर टोपी, घरातल्या घरात! मी हसून त्यांना सगळं समजावलं. आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. म्हणजे येणारच असं नाही, पण म्हणायचं तसंच. कोच अर्थातच इंग्रजीत बोलत, मी त्यांना इथे मराठी बोलायला लावते आहे. ते म्हणाले, "हे बरं आहे. मी निघालो तेव्हा दोन्हीतलं काहीच म्हणालो नाही."

ते कसे निघाले ते त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, दार लावून घेता घेता. टीम सारखी हरत होती. एका रविवारी सकाळी कॉलेजनं त्यांना बोलावून किल्ल्या मागून घेतल्या. पोरं झोपेतच होती, आणि कोच मागच्या दारानं घरी आले. पोरांना बातमी रेडिओवरून कळली. "मी त्यांना ज्या दिवशी सोडून आलो," ते म्हणाले, "त्याच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं की मैदान सोडून पळणारा माणूस माझ्या टीममध्ये नको." त्यानंतर त्या मैदानावर ते पुन्हा गेले नाहीत. पण शरद ऋतूत दर शनिवारी दुपारी ते मागच्या गराजमध्ये जात, इंजिन बंद ठेवून गाडीत बसत आणि काचा वर करून रेडिओवर मॅच ऐकत. काचा कितीही वर केल्या तरी बँडचा आणि गर्दीचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. आई कांदा चिरता चिरता म्हणायची, "बसले बाई कोच गाडीत."

आणि वर्षातून एकदा, त्या कॉलेजात जुनी मुलं जमतात त्या शनिवारी, आमच्या दारात एक भलीमोठी गाडी येऊन थांबायची. तिच्यातून दाराएवढे रुंद चार-पाच बाप्ये उतरायचे. हे कोचचे जुने खेळाडू, आता कुणी पोलिसात, कुणी विमा विकणारा. ते बेल वाजवायचे, "कोच!" म्हणून हाका मारायचे. कोच आत पडद्यामागे श्वास रोखून उभे. मला वरच्या खिडकीतून दोन्ही दिसायचं, बाहेरचे बाप्ये आणि पडद्याखालून डोकावणारे सपातांचे शेंडे. थोड्या वेळानं ती मंडळी पायरीवर डोनटचा खोका ठेवून निघून जात. कोच तो खोका मला देऊन टाकत. दरवर्षी ते डोनट मीच खाल्ले, आणि दरवर्षी मनात म्हणाले, काय हा भित्रा म्हातारा. आमच्या वरच्या मजल्यावरही असाच एक भित्रा माणूस राहतो हे मला अजून कळायचं होतं.

मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेन. दुकानातून दमून आलेले बाबा पाय वर घेऊन बसले होते, आई भाकरी थापत होती. फोन वाजला. मी घेतला तर पलीकडून एकदम मोकळा नागपुरी आवाज, "जय भीम! सर आहेत का घरी? मी मिलिंद बोलतो. मिलिंद गोलकीपर सांगा, म्हणजे ओळखतील." मी फोनवर हात ठेवून बाबांना सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी हातानं खूण केली, नाही म्हणून सांग. मी सांगितलं. दोन दिवसांनी पुन्हा तोच फोन, पुन्हा तीच खूण. मिलिंद सॉफ्टवेअरच्या नोकरीवर शिकागोत आला होता, कंपनीनं गेस्ट हाउसमध्ये ठेवलं होतं, आणि बाबांच्या दुकानात भाजी घ्यायला येणाऱ्या कुणा काकूंकडून त्याला आमचा नंबर मिळाला होता. तिसऱ्या फोनला आईनं तवा खाली उतरवला.

"पोरगं इतक्या लांबून तुम्हाला शोधत आलंय आणि तुम्ही लपून बसता? काय खाणार आहे का तो तुम्हाला?"

"मी त्यांना येतो म्हणालो होतो," बाबा म्हणाले.

एवढंच. पण मला एकदम सगळं आठवलं, कारण मी तिथे होते. आम्ही नागपूर सोडलं त्या सकाळी दारात ऑटो उभी होती. मी मांडीवर बॅग घेऊन आत बसले होते. बाबांची अख्खी टीम जमली होती, इंटर-कॉलेजची फायनल तोंडावर आली होती. बाबांनी एकेकाच्या पाठीवर हात ठेवला, एक पाय ऑटोत टाकला, आणि मागून उंच मिलिंद ओरडला, "सर, फायनलला येता ना?" बाबा म्हणाले, "येतो रे, येतो." ऑटो निघाली. पुढे काकांच्या फोनवरून कळलं की टीम फायनल हरली. त्यानंतर बाबांनी टीमचं नाव काढलं नाही. मधे एकदा आम्ही नागपूरला गेलो, तर कॉलेजच्या रस्त्यानं जायला नको म्हणून त्यांनी रिक्षावाल्याला केवढा वळसा घ्यायला लावला होता. त्या वळशाचा अर्थ मला त्या भाकरीच्या वासात, तव्यासमोर उभ्या असलेल्या आईकडे बघताना कळला.

"अहो, येतो असंच म्हणतात निघताना," आई म्हणाली. आवाज उतरला होता तिचा.

"पण त्यानं विचारलं होतं ना. मी निरोप घेतला की उत्तर दिलं, तेच मला समजत नाही. इतकी वर्षं झाली, अजून समजत नाही. पोरांनी तर उत्तरच धरलं असणार. फायनलभर दरवाज्याकडे बघत राहिली असतील."

 आईनं तवा पुन्हा चढवला. त्या रात्री बाबा नीट जेवले नाहीत, आणि मला त्यांचा राग येण्याऐवजी फार वाईट वाटलं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेत बोलले असते तर सुटले असते बिचारे.

मग कोचची जुनी मुलं येतात तो शनिवार आला. गराजमधला रेडिओ अजून लागायचा होता, आई पाटवड्या कापत होती. खाली बेल वाजली. कोचच्या दाराला एक पितळी पाटी होती, त्यांच्या पहिल्या टीमनं करून दिलेली, तिच्यावर नाव नव्हतंच, फक्त 'कोच' हा एक शब्द. ज्यानं बेल वाजवली तो होता मिलिंद. फोनचा नाद सोडून तो पत्ता शोधत स्वतःच आला होता, आणि नागपुरात कसं दारोदारी प्रोफेसर, ॲडव्होकेट अशा पाट्या असतात, तशीच ही आपल्या सरांची पाटी असं समजून त्यानं खालची बेल दाबली. पडद्यामागून कोचनी पाहिलं. दारात उभा असलेला उंच, किडकिडीत, सावळा मुलगा आपल्या टीमचा असणं शक्यच नाही, म्हणून त्यांनी बेधडक दार उघडलं. मुलगा म्हणाला, "मी माझ्या कोचना भेटायला आलोय. मी त्यांच्या टीममध्ये होतो." हे वाक्य ऐकायला नको म्हणून तो माणूस इतकी वर्षं दार लावून बसला होता, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं दार उघडून ऐकलं.

मागचा जिना कण्हला. कोच वर आले ते धापा टाकत. बाबांसमोर उभे राहून म्हणाले, "खाली तुझ्या टीमचा मुलगा बसलाय. मी त्याला कॉफी दिली आहे."

"त्याला सांगा मी घरी नाही," बाबा म्हणाले.

"हे मी माझ्या पोरांना दरवर्षी सांगतो. त्यानं काहीही बरं होत नाही. ऊठ." मग खाली बघत म्हणाले, "तू तुझ्या पोराला भेट. माझे आज आले, तर मी दार उघडीन. झालं?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं हातातली सुरी खाली ठेवली आणि कधी नव्हे ते म्हणाली, "जा." येते-जातेचा नियम तिनं त्या एका वेळी मोडला.

आम्ही सगळेच खाली गेलो. कोचच्या स्वयंपाकघरात मिलिंद कॉफीचा मग धरून बसला होता, बाबांना बघताच ताडकन उभा राहिला. "जय भीम, सर." बाबांनीही "जय भीम" म्हटलं. मग कसंबसं म्हणाले, "मिलिंद, मी येतो म्हणालो होतो रे."

मिलिंदला काही कळेना. "कधी सर?"

"निघताना. फायनलला."

"अहो सर, ते तर..." तो हसायलाच लागला. "सर, येतोच म्हणतात ना! जातो कोण म्हणते? अमेरिकेहून फायनलला कोण येते यार? सॉरी सर. मी आपलं तुम्हाला हसवाले विचारलं होतं. तुम्ही रडाले आले होते ना."

बाबा मटकन खुर्चीवर बसले. मिलिंदचं हसू मात्र मावळलं. तो मगाकडे बघत म्हणाला, "राग आला होता सर, खोटं नाही बोलत. पण तो याच्यासाठी की तुम्ही नंतर एक फोन नाही केला. मला वाटलं, सरांना कळलं असंल, म्हणून बोलत नाहीत. इथे पण तुम्ही फोनवर येईना, तेव्हा खात्रीच झाली."

"काय कळलं असेल?"

"फायनलचा गोल. माझ्या पायांतून गेला सर. साधा बॉल होता, सरपटत आलेला."

मी बाबांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग ते उठले, आणि अमेरिकेत आल्यापासून कुठेतरी गुंडाळून ठेवलेली त्यांची मैदानावरची भाषा खणखणीत बाहेर आली. "पायांतून? काहून बे! गुडघा काहून नाही टेकवला? तुले किती खेपा सांगतलं होतं, सरपटता बॉल आला की गुडघा खाली!" त्यांनी कपाटावरची पपई उचलली, मिलिंदला फ्रिजसमोर उभं केलं, आणि जमिनीवरून ती त्याच्याकडे ढकलली. पपई ती पपईच, ती टणकन भलतीकडे उडून आईच्या पायाशी गेली. मिलिंद तरी गुडघा टेकून बसलाच होता, दोन्ही हात पुढे करून. "अस्सं!" बाबा ओरडले, आणि तिथेच, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, ढसाढसा रडले. मिलिंदही रडला. माझ्या छातीवरचं तर केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! ते इतके दिवस तिथे होतं हेसुद्धा मला ते उतरल्यावर कळलं. कोचना मराठीचा एक शब्द समजत नव्हता, तरी ते टेबलाला टेकून मान हलवत होते. "गुडघा," ते मला म्हणाले, "गुडघ्याबद्दल बोलतायत ना? नेहमी गुडघाच असतो."

तेवढ्यात बाहेर गाडीचे दरवाजे धाडधाड लागले आणि "कोच!" अशा हाका आल्या. कोच जागच्या जागी थिजले. सवयीनं त्यांची नजर पडद्याकडे गेली. बाबांनी नाक पुसलं आणि फक्त त्यांच्याकडे पाहिलं. कोचनी टोपी चढवली, दाराशी गेले, कडीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि दार उघडलं.  बाहेरच्या त्या दाराएवढ्या बाप्यांना दार उघडेल अशी अपेक्षाच नव्हती; एकाच्या हातात डोनटचा खोका होता, तो पायरीवर ठेवायला म्हणून वाकला होता आणि तसाच वाकलेला राहिला. कोच म्हणाले, "मी तुम्हाला न सांगता निघून आलो." त्यावर एक टकला बाप्या म्हणाला, "कोच, तुम्हाला हाकललं, आम्ही नाही हाकललं. चला ना आता, किकऑफ चुकेल." एवढंच होतं. एवढ्यासाठी दोघांनी मिळून किती शरद ऋतू वाया घालवले, त्याचा विचार केला की मला आजही हसू येतं आणि रडू येतं.

कोच गाडीत चढता चढता थांबले, वळून बाबांना म्हणाले, "ते काय म्हणता तुम्ही निघताना?"

"येतो."

"येटो," कोच म्हणाले. गाडीतल्या एकानं विचारलं, याचा अर्थ काय? कोच म्हणाले, "म्हणजे मी निघालो." पायरीवरून बाबा ओरडले, "नो, नो! म्हणजे मी येणार!" गाडी या वादातच सुरू झाली आणि कोपऱ्यावर बसच्या मागे दिसेनाशी झाली.

त्या दुपारी गराजमधून आवाज आला नाही. मिलिंद वर येऊन जेवला, तीनदा रस्सा घेतला, टीममधल्या एकेकाची पोटं कशी सुटली आहेत ते सांगत राहिला, आणि जेवण होईपर्यंत बाबांनी हिवाळ्यात नागपूरला जायचं ठरवूनही टाकलं. कॉलेजच्या रस्त्यानंच. मी ते सगळे डोनट खाल्ले, कारण सवय. पण माझा एक कान जिन्याकडे होता. आईनं कोचचा रस्सा झाकून ठेवला होता आणि तीही मधून मधून झाकण उगीच सरकवत होती.

दिवे लागायच्या वेळी मागचा जिना कण्हला. आमच्या दारात कोच उभे होते. गळ्यात कॉलेजच्या रंगाचा मफलर, नाक लाल, आणि ओरडून ओरडून आवाज पार बसलेला. त्यांना आमचा एकच शब्द येत होता, तोच त्यांनी घोगऱ्या आवाजात पुन्हा म्हटला, "येटो."

"आता येतो नाही म्हणायचं," आई त्यांची वाटी भरत म्हणाली. "आता आलो म्हणायचं. म्हणा, आलो."

"आलो," कोच म्हणाले.